आधी सुई बदला

प्रिय बॉबिन,

हाताने लिहायची सवय मोडली आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. तुझा पत्ता माझ्याकडे होता, तुला शिलाई मशीनचा पट्टा पाठवला होता तेव्हापासून. खरं तर हे आपल्या मशीनदुरुस्तीच्या फोरमवर लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण तिथे आपला सगळा गोतावळा लगेच धावून येतो, आणि मला हे आधी एकट्या तुला सांगायचं आहे.

तू ह्यांची तब्येत विचारत असतेस. उजव्या हातात हळूहळू ताकद येते आहे. काठी धरून खिडकीपर्यंत जातात, तिथल्या त्यांच्या कामाच्या टेबलाशी बसतात, स्क्रूचे डबे उघडून पाहतात. वाचा मात्र अर्धांगाच्या झटक्यासोबत गेली ती गेलीच. समजतं सगळं, पण तोंडातून येतो एकच शब्द, ‘हो’. पाणी हवं असलं तरी हो आणि नको असलं तरी हो. लग्न झाल्यापासून ह्यांच्याकडून जेवढे हो ऐकले नव्हते तेवढे आता ऐकते आहे, असं मी ह्यांना चिडवते. मग ते हसतात, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसते.

बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, त्यांचं स्वतःचं बोलणं त्यांना रोज वाचून दाखवा, त्यातूनच एखादा शब्द सापडेल. मी कपाळाला हात लावला. ह्या माणसाने मला कधी चिठ्ठीसुद्धा लिहिली नाही. आयुष्यभरात जे काही लिहिलं ते ‘तेलकट’ या नावाने आपल्या फोरमवर, तेही परक्यांची शिलाई मशीनं दुरुस्त करून देताना. आणि नेमकी त्याच आठवड्यात सूचना आली, की फोरम ज्यांच्याकडे होता ते जुनी सेवा बंद करणार, आपलं सामान आपण उचला.

तेव्हा तू पुढे झालीस. एकेका मशीनची पानं एकेकाने दत्तक घ्यायची आणि त्यांचा वर्षाचा खर्च उचलायचा, ही कल्पना तुझीच. पायमशीनची पानं तर बघता बघता दत्तक गेली, त्यांवरून दोघांत रुसवेफुगवेही झाले. गप्पांचा कोपरा मात्र कुणी घेईना. तिथे दुरुस्ती कसली, नुसती टवाळी, म्हणून तो टाकून द्यायचं जवळजवळ ठरलंच होतं. ह्यांचं निम्मं लिखाण त्या कोपऱ्यात आहे. मी तो घेतला असता गं, पण औषधांपुढे माझा हात आखडला होता. मी एक अक्षर बोलले नाही, तरी तू ते ओळखलंस आणि ग्रंथालयातल्या तुटपुंज्या पगारातून पदरमोड करून तो कोपरा घेतलास.

पुढची गंमत आठवली की अजून हसू येतं. पानं नव्या जागी उतरवायला आपलीच माणसं बसली, आणि दुरुस्ती करणाऱ्यांचे हात शिवशिवल्याशिवाय राहतात का? जुनी उत्तरंच सुधारायला लागली. चुकीचा सल्ला बरोबर केला, मग खाली ‘अहो, तुमच्यामुळे धागा आणखी गुंतला’ असं ओरडणारा बिचारा वेडा ठरला. ह्यांचं प्रत्येक उत्तर ‘आधी सुई बदला, मग माझं डोकं खा’ने सुरू व्हायचं. ते उद्धट आणि पुन्हापुन्हा येतं म्हणून सगळीकडून काढून टाकलं. तू सगळ्यांना फैलावर घेतलंस. माणसं जशी बोलली तशीच राहतील, चुकांसकट, असं ठणकावलंस, आणि काढलेलं सगळं मूळ पानांवरून एक एक करून परत आणलंस. तुला नाकीनऊ आले असतील. तेव्हा मलाही वाटलं होतं, एका वाक्यासाठी ही मुलगी एवढी का भांडते आहे?

फोरमचा पहिला नियम ह्यांनीच घातलेला. प्रश्न सुटला की पळून जायचं नाही, परत येऊन काय झालं ते सांगायचं. म्हणून हे पत्र. आज सकाळी नेहमीसारखी त्यांच्या टेबलाशी वाचायला बसले होते. कुणाचे टाके सुटत होते, त्यावरचं ह्यांचं उत्तर. ‘आधी सुई बदला’ एवढं वाचलं आणि चष्मा घसरला म्हणून थांबले. तर समोरून, जड जिभेने, पण त्याच जुन्या वैतागलेल्या सुरात, ‘मग माझं डोकं खा.’ मी म्हटलं, पुन्हा म्हणा. पुन्हा म्हणाले. मग दुपारपर्यंत तेच म्हणत होते, आणि मी त्यांना एकदाही गप्प बसा म्हटलं नाही. पुढचे शब्द येतील न येतील, बाईही काही सांगत नाहीत. पण माझ्या घरात आज हे बोलले, बॉबिन, आणि ते वाक्य तू राखून ठेवलं होतंस.

तुझ्या उपकारात आनंदाने राहणारी,
तुझीच,
टाचणी