दोन जावा आणि आधाराची पट्टी

नांदेड, २४ जून २०२५

चि. सौ. मृण्मयीस इंदूचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनच केला असता, पण आमच्याकडे स्पीकर लावल्याशिवाय ह्यांना चैन पडत नाही. म्हणून पत्र. महालक्ष्म्या लातूरला तुझ्याकडे गेल्या म्हणून मी रुसले, असं सासूबाई सगळ्यांना सांगतात. तसं नाही गं. पाच-सहा वर्षं झाली, खोकलं, शिंकलं, जोरात हसलं की लघवी सुटते. अशा अंगानं सोवळ्यात पुरण कसं शिजवू? दरवर्षी गुडघ्यांचं निमित्त सांगितलं. बिचारे गुडघे ठणठणीत आहेत.

इथल्या डॉक्टरीणबाई म्हणतात, लघवीच्या नळीखाली आधाराला पट्टी घालू. प्लास्टिकच्या जाळीची तयार पट्टी घेतली तर छेद लहान, लवकर घरी, महालक्ष्म्यांना येताही येईल. क्वचित ती आत टोचते, मग काढणं अवघड. दुसरी पट्टी आपल्याच पोटाच्या स्नायूवरच्या आवरणातून काढतात. तिला छेद मोठा, आणि दोन-तीन महिने जपायचं. गुण दोन्हींचा जवळपास सारखा, तुम्ही ठरवा, म्हणाल्या. मी दुसरी ठरवली. अंगात प्लास्टिक घेऊन देवीपुढे कशी उभी राहू? येत्या सोमवारी ऑपरेशन आहे. म्हणजे हेही वर्ष चुकणार. सासूबाईंना कळू देऊ नकोस.

वरदला आशीर्वाद. माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
इंदूताई

लातूर, ३ जुलै २०२५

ती. सौ. इंदूताईंस मृण्मयीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल हाती आलं, तोवर सोमवार उलटून गेला होता. वाचून आधी तुमचा राग आला, मग माझा.

ताई, चार वर्षांपूर्वी माझे पित्ताचे खडे काढले म्हणून तुम्ही डिंकाचे लाडू पाठवले होते. खडे नव्हतेच. वरदच्या वेळेपासून मलाही हाच त्रास. मी जाळीची पट्टी घालून घेतली, आणि तीच अंगात घेऊन दरवर्षी सोवळ्यात पुरण वाटते. देवीनं एकदाही ताट परत पाठवलं नाही. तुमची पट्टी वाईट असं मुळीच नाही. टोचण्याच्या भीतीनं घेतली असती तर बरं केलंत म्हटलं असतं. पण तुम्ही सोवळ्यासाठी पोट चिरून घेतलंत! मी तोंड उघडलं असतं तर यंदा आपण दोघी एका चुलीपाशी असतो. फार वाईट वाटतं.

जपा. रागावला असाल तरी माया असू द्या.

आपली,
मृण्मयी

नांदेड, २५ जुलै २०२५

चि. सौ. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

लबाड, माझे लाडू परत कर! सुरुवातीला लघवी मोकळी होईना, नळी लावूनच घरी पाठवलं होतं. आता ती निघाली. परवा फोडणीच्या ठसक्यानं खोकले आणि कोरडी राहिले. इतकी वर्षं उगाच गमावली म्हणून तिथेच ओट्यापाशी रडले.

सासूबाईंना आता सगळं सांग. शहाऐंशीव्या वर्षी त्यांनी सुनेच्या रागाचं ओझं का वागवावं?

लोभ आहे, तो राहू दे.

इंदूताई

लातूर, ४ सप्टेंबर २०२५

ती. सौ. इंदूताईंस सा. न. वि. वि.

परवा महालक्ष्म्या उठल्या. तुमच्या वाटचं पुरण मीच वाटलं. जेवणं आटोपल्यावर सासूबाईंना तुमचं सांगितलं, माझंही. मला वाटलं, सोवळं मोडलं म्हणून आकांत करतील. त्यांनी एवढंच विचारलं, असलं बरं होतंय व्हय गं? ह्यांच्या जन्मापासून त्यांनाही तेच आहे. मी म्हटलं, आपण डॉक्टरांना दाखवू, ह्या वयातही काही इलाज असेल. तर नको म्हणाल्या.

ताई, मामंजी किती गमतीचं बोलायचे, ठाऊक आहे ना? ते हसवायला लागले की सासूबाई झटकन उठून आत जायच्या. कारण त्यांनी कधी सांगितलं नाही. मामंजी गेले तोवर त्यांना वाटत राहिलं, हिला आपलं बोलणं आवडत नाही.

लवकर या. वाट पाहते.

आपली,
मृण्मयी