वीस वर्षांचा बेत आणि शेळीवाली

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, एका कंपाउंडरची विधवा, हे मृत्युपत्र डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. दडपण आणायला इथे आहे कोण? याआधी मी एकही मृत्युपत्र केलेलं नाही; केलेलं सापडल्यास ते रद्द समजावं, असं वकिलांनी लिहायला सांगितलं म्हणून लिहिते.

कलम पहिले, मिळकत. दोन एकर जमीन, दोन खोल्यांचं घर, विहीर, तेलाचा घाणा आणि सर्व अवजारं. हे सगळं माझं व यजमानांचं स्वकष्टार्जित आहे. तीस वर्षं मी फोनवर लोकांना लोकांशी जोडून दिलं, यांनी तितकीच वर्षं बाटल्यांत औषध भरलं. नोकरी सुटली तेव्हा दोघांना एकच वेड लागलं, कोणापुढे हात पसरायचा नाही. यांनी वीस वर्षांचा बेत आखला. पहिली पाच वर्षं पाणी आणि माती, पुढची पाच फळझाडं, त्यापुढची पाच धान्य, डाळ, तेल, आणि शेवटच्या पाचांत दुकानाशी संबंध बंद.

सातव्या वर्षी हे गेले. लोक म्हणाले, आता आवरतं घ्या. मी हट्टाला पेटले. गेल्या वर्षी बेत तडीस गेला. मीठ तेवढं विकत आणते. तेही पोतंभर एकदम आणता येईल, पण मी लहान पुडी आणते, म्हणजे दुकानदार दर आठवड्याला विचारतो, काय मावशी, बरं आहे ना? बेतात एकविसावं वर्ष नव्हतंच. कोठी भरलेली आहे, आणि दिवसचे दिवस माणसाचा आवाज कानावर पडत नाही. मला फार एकटं वाटतं. हे कायद्याच्या कागदात बसत नसेल तर वकिलांनी डोळेझाक करावी.

कलम दुसरे. बँकेतली शिल्लक आणि लोखंडी कपाट माझ्या पुतण्याला. पोर वाईट नाही. काकू, विकून टाका आणि आमच्या फ्लॅटवर या, असं तो दोनदा म्हणाला. फ्लॅटमध्ये मी झोपणार कुठे, हे सांगायचं दोन्ही वेळा त्याचं राहून गेलं. जमीन त्याला देत नाही. तो ती लगोलग विकेल.

कलम तिसरे. पहिल्या कलमातलं सर्व काही, पूर्ण मालकी हक्काने, शेजारच्या शेळीवालीला. वकिलांनी चष्मा काढून विचारलं, जिच्याविरुद्ध तुम्ही तक्रार केली होती, तीच? हो, तीच. तिच्या शेळ्यांनी माझी लिंबाची रोपं मुळापर्यंत खाल्ली. कुंपण तिने दोनदा वाकवलं आणि दोन्ही वेळा दोष वाऱ्यावर ढकलला. अकरा वर्षं आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य. पण भांडायला का होईना, रोज सकाळी ती कुंपणापाशी येते. मी तापाने पडले तेव्हा माझा आवाज नाही म्हणून कुंपण ओलांडून आत शिरली आणि म्हणाली, "मेलीस की काय? मग मी भांडू कुणाशी?" दूध तापवून ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी त्याच दुधाच्या भांड्यावरून भांडली.

मिळकतीबरोबर तिला बेतही देत आहे. पहिल्या वर्षी कुंपण काढावं. पाच वर्षांत मागची खोली नीट करून कोणाला तरी राहायला द्यावी, भाडं मिळालं नाही तरी चालेल. तेल खुशाल विकत आणावं, घाणा ओढून माझे खांदे गेले. दहा वर्षांनंतरचं तिचं तिने ठरवावं. माझं ती नाहीतरी ऐकणार नाही.

आता शेवटचं. ज्याला द्यायचं त्याची साक्ष चालत नाही, म्हणून सहीसाठी मी दुकानदाराला आणि गुरांच्या डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर तिची शेळी तपासताना सहीचं तिच्यापाशी बोलून गेले. ती कुंपणापाशी आली. आवाज अजिबात चढवला नाही.

"अकरा वर्षं शेजारी राहिले," ती म्हणाली, "आणि सहीला तुला मिठवाला आठवला. मी तुझी कोणीच नाही, असंच ना?"

हे कोणाजवळ बोलायचं नाही असं वकिलांनी बजावलं होतं. म्हणून खरं कारण मी तिला सांगितलं नाही. त्या दिवसापासून ती आलेली नाही. शेळ्यासुद्धा पलीकडच्या वाटेने नेते. अशी चिडीचूप सकाळ हे गेले त्यानंतरच्या महिन्यात होती, आणि ती मला पुन्हा सोसायची नाही.

वकिलांच्या मसुद्यात शेवटी लिहिलं होतं की हे पाकीट माझ्या मृत्यूनंतर फोडावं. ते वाक्य मी खोडलं आहे व खोडल्याजागी सही केली आहे. साक्षीदारांच्या सह्या झाल्या की मी स्वतः तिच्या घरी जाऊन हा कागद पहिल्या ओळीपासून तिला मोठ्याने वाचून दाखवणार. ती शब्दाशब्दाला भांडेल. भांडू दे, मी दिवसभर मोकळी आहे.

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली.
वार मंगळवार, तारीख वकिलांनी घालावी.

(सही) मृत्युपत्र करणारी

तिने आमच्यासमोर आणि आम्ही तिच्यासमोर सही केली:
१. (सही) किराणा दुकानदार
२. (सही) गुरांचे डॉक्टर. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. सही होताच चपला घालून निघाल्या.