मानाचा फेटा आणि आठचा बिटरेट

३ मे, सकाळ
पक्की बातमी. चुडाव्याच्या कस्तुरामावशीचा डीव्हीडी प्लेयर अजून चालतो. शेजारच्या मुंजाजीने स्वतः लावून बघितला आणि फोन केला.
पाय मोडल्यामुळे मावशीला आमच्या लेकीच्या, प्राचीच्या लग्नाला येता आलं नाही. तिचे यजमान काशीनाथकाका एकटेच आले. मानाचा पहिला फेटा आपल्याला बांधला, असं ते घरी सांगतात. मावशीला पटत नाही. शूटिंग मी केलंय, म्हणजे पुरावा माझ्याकडे. चार दिवसांत एक नंबर डीव्हीडी देणार.

४ मे
फोर-केमध्ये एक्स्पोर्ट. नऊ तास. फाइल साठ जीबी, डिस्क पावणेपाच जीबी. डिस्क बनवणाऱ्यांची दृष्टीच तोकडी.

७ मे
स्टुडिओवाल्या आदिनाथला सहज विचारलं. तो म्हणाला, सर, डीव्हीडीत फोर-के चालतच न्हाई. बिटरेट, म्हंजे सेकंदाला किती डेटा, तो साडेतीन ठेवा, तीन तासांचं लग्न मावतंय; न्हाईतर दोन डिस्क करा.
साडेतीन! मी आठच ठेवणार, चित्र साफ येतं. आठमध्ये सव्वा तास बसतो. लग्न लांबलंय, सेटिंग बरोबर आहे.

९ मे
कापाकापी. पंगती गेल्या. आहेर गेला. फेटे बांधणं पंचवीस मिनिटं, नुसती डोकी. गेलं. राजेश्री म्हणाली, अहो, काकांचा फेटा? मी म्हणालो, अक्षतांच्या वेळी काका फेट्यातच दिसतात, तेवढं पुरे. बायकोला बिटरेट समजावणं अवघड.

१० मे
लॅपटॉपमध्ये जागा नाही. मूळ क्लिपा पुसल्या, ती साठ जीबीची फाइलही. कापून जोडलेली मास्टर फाइल तयार असताना कच्चा माल कशाला?

१२ मे, चुडावा
टीव्ही जुना, डबा. तरी अक्षतेचा दाणा न् दाणा दिसला. मावशी म्हणाली, लय साफ आलंय रे. मग म्हणाली, ह्यांचा फेटा कुठाय? मी अक्षतांमधले काका दाखवले. ती म्हणाली, फेटा तर तिथं शंभर जणांच्या डोक्याला हाय.
काकांनी चहा अर्धाच पिऊन ठेवला. उन्हाचा त्रास असावा.

१३ मे, संध्याकाळ
काकांचा फोन राजेश्रीने घेतला. रविवारी ते फेटा घेऊन येणार. फेटेवाला भागवत, प्राची, जावई मुकुल, सगळ्यांना सांगणं झालंय. मावशीला जीपमधून आणून पुढे बसवणार आणि तिच्यादेखत फेटा पुन्हा बांधणार.
मी लगेच कॅमेरा चार्जिंगला लावला.
राजेश्री म्हणाली, निरोप अजून संपला नाही. शूटिंग जावई मोबाइलवर करणार. मी खुर्च्या मांडायच्या.