यमुनेचा तोंडी हिशेब

मंगळवार, १७ मार्च १९५३. चाकण

आज शाळा तपासणारे दिपोटीसाहेब माझ्या चौथीच्या वर्गाची परीक्षा घ्यायला आले. मला धास्ती होती ती यमुनेची. नापास झाली तर शाळा बंद, असं तिच्या वडिलांनी मला तोंडावर सांगितलंय.

साहेबांनी तिला तोंडी हिशेब घातला. छप्पन्न पेंढ्या सात बैलांना सारख्या वाटल्या, तर एकाला किती? पोर गप्प. माझा धीर सुटला. साहेबांच्या पाठीमागून मी बोटं दाखवली. घाईत सात! यमुना म्हणाली, "सात." साहेबांनी फुली मारली.

शाळा सुटल्यावर मी तिला रागवायला गेले, तर म्हणते, "बाई, माजं आठच आलं व्हतं. पर तुमी सात दावली."

गप्प होती, ती मोजत होती. एवढंही मला कळू नये? सात बोटं!

साहेबांचा मुक्काम चावडीत आहे. दिवेलागणीला तिथं जाऊन सगळं कबूल केलं. त्यांनी यादीतली यमुनेपुढची फुली पाहिली. मग म्हणाले, "उद्या तिला पुन्हा विचारतो. तुम्ही वर्गाबाहेर थांबा."

माझ्याबद्दल काय लिहितील? नोकरी राहील ना? विचारायचा धीर झाला नाही.

येताना यमुनेच्या दारात थांबले. म्हटलं, "उद्या तुझं येईल तेच सांग."

"आन् तुमचं येगळं आसलं तर?"

"तर माझं चुकलं असेल," मी म्हणाले.