चिमणी, पुढे कितीही आकडे

३ मार्च, सकाळी ७.१०
संकल्प: रविवारपर्यंत लेक शोधायची. घर सोडून चार महिने झाले. फोन उचलत नाही, कामात असेल. पण त्या जुन्या चॅटवर ती टोपणनावाने येते, नक्की. पंधरा वर्षं त्या सर्व्हरची राखण मी केली. चाव्या परत दिल्या असं घरी सांगितलंय. एक ठेवलीय. काळजीपोटी.
रेजेक्स लिहिणार. एका ओळीत साचा द्यायचा, त्यात बसणारी सगळी नावं यंत्र पकडून देतं. साचा: सुरुवातीला 'चिमणी', पुढे कितीही आकडे. घरात तिला चिमणीच म्हणतो. पाच मिनिटांचं काम.

४ मार्च
एकसष्ट चिमण्या सापडल्या. सगळ्यांना विचारलं, बाळा, जेवलीस का? एक निवृत्त पोस्टमास्तर निघाले. जेवले होते. बाकीच्यांनी ब्लॉक केलं. साचा जरा सैल पडला, एवढंच.

६ मार्च
बायको म्हणाली, आता पुरे करा, एवढं होऊनही कळत नाही का. काय झालं एवढं? लेकीचे मेसेज वाचायचो, ते काळजीपोटी. त्यातल्या दोन ओळी होणाऱ्या जावयाला पाठवल्या, त्याही काळजीपोटी. लेकीलाही हेच सांगितलं होतं. लग्न मोडलं ते त्याच्या कोत्या मनामुळे.
बायको ताट तसंच ठेवून उठली. हल्ली तिला ॲसिडिटी होते.

९ मार्च, दुपारी
नाव सोडलं, होस्ट धरला. होस्ट म्हणजे माणूस जिथून जोडलाय तो पत्ता. साचा: पत्ता तिच्या ऑफिसचा, चॅनेलच्या, म्हणजे गप्पांच्या खोलीच्या, नावात 'झाड' किंवा 'कुंडी'. एकच सापडली. चॅनेल तीच चालवते.
'आजी७०' होऊन आत शिरलो. म्हटलं, गुलाब सुकतोय. ती म्हणाली, आजी, सारखं पाणी घालू नका, मुळं कुजतात. चार महिन्यांनी तिचे शब्द. खरं सांगतो, रडलो.
मग लिहिलं, बाळा, मी बाबा.

१० मार्च
चॅनेलबाहेर. लाइन गेली असेल. 'मामी', 'माळीबुवा', 'पोस्टमास्तर', कुठल्याच नावाने आत घेत नाही.

११ मार्च
बंदीची यादी उघडली. तिची एकच ओळ. नाव: कोणतंही. होस्ट: आमच्या घरचा.
बारा वर्षांची असताना मीच शिकवलं होतं, नावामागे धावू नये, पत्ता धरावा. ओळीत चूक शोधली. सापडली नाही. माझ्या चावीने ओळ पुसता येते. पुसणारच होतो.
शेवटी कारण लिहायचा रकाना असतो. त्यात तिने एकच शब्द लिहिलाय.
काळजीपोटी.