भाऱ्यामागून घंटी

१० नोव्हेंबर, सोमवार

शाळेला उशीर झाला होता. सव्वादहा वाजले तरी आम्ही पाझर तलावाच्या पाळेवर, मातीच्या बांधावरच. पुढे मी, मागे वाडीच्या चौदा मुली, सगळ्या सायकलवर. कौसाबाई गवताचा भारा डोक्यावर घेऊन गावाकडेच चालल्या होत्या, म्हणजे आमच्याकडे पाठ. घंटी दिली. त्या अचानक वळल्या. भारा माझ्या हँडलवर आदळला आणि त्या कोरड्या बाजूच्या उतारावर घसरत गेल्या. पाण्याच्या बाजूला नाही, एवढं बरं. मी पडले नाही.

जीप करून जाफराबादला नेलं. त्यांची सून सुनीता बरोबर होती. हाड शाबूत. मानेला पट्टा, उजवा खांदा बांधलाय. तीन आठवडे डोक्यावर काही घ्यायचं नाही. वय साठच्या आसपास, दारात दोन म्हशी, रोजचा एक भारा.

काय झालं म्हणून डॉक्टरांनी विचारलं, जीपवाल्याने विचारलं, मु.अ. सरांनी विचारलं. तिघांनाही सांगितलं, अचानक वळल्या.

जेवण गेलं नाही. हे म्हणाले, खाऊन घे, तुझी काय चूक.

११ नोव्हेंबर

कालचं वाचलं. "घंटी दिली." किती वेळा? तीन. पहिली लांबून. दुसरी जवळ आल्यावर. तिसरी तर वाजवतच राहिले, तेव्हा चाक त्यांच्या टाचेपासून हातभर. उतरता आलं असतं. उतरले नाही, कारण मी उतरले की मागची सगळी रांग उतरते, प्रार्थना चुकते, आणि सर फाटकापाशी घड्याळ बघत उभे असतात.

आणखी एक आहे, तेही लिहायलाच हवं. मला ती रांग आवडते. गेल्या वर्षी हमरस्त्यावर ट्रक फार म्हणून वाडीतल्या तीन मुलींना घरी बसवलं होतं. तेव्हा ही पाळेची वाट मी काढली, घरोघर जाऊन सांगितलं की माझ्या मागे पाठवा. आता चौदा जणी एकामागे एक निघाल्या की लोक थांबून बघतात. काल कौसाबाई त्या रांगेच्या आड आल्या होत्या. मला राग आला होता. तिसऱ्या घंटीत तो होता.

१२ नोव्हेंबर

मधल्या सुट्टीत सरांच्या खोलीत बोलावणं. शाळा समितीचे अध्यक्ष रंगनाथराव आधीच येऊन बसलेले. ठरवूनच आलेले. भारेवाल्या बायांना सकाळी साडेनऊ ते अकरा पाळ बंद करायची, तसा अर्ज शाळेने ग्रामपंचायतीला द्यायचा.

"पोरींच्या जिवाचा प्रश्न हाय मॅडम. उद्या एखादी पाण्यात गेली मंग?"

सर म्हणाले, अर्ज मॅडमच लिहितील, त्यांचं मराठी चांगलं आहे. कारणात घाला, भारेवाली महिला अचानक वळल्यामुळे.

माझंच वाक्य. ते आता माझ्याच अक्षरात हवंय.

विचारलं, मग त्या बायांनी यायचं कुठून? रंगनाथराव म्हणाले, "नाल्यातून हाय की वाट. पयले तिथूनच येत व्हत्या." नाल्याची वाट दीड किलोमीटर जास्त. एक उतार, एक चढ, आणि डोक्यावर तो भारा.

"बघते" म्हणून उठले. नाही म्हणायला हवं होतं. बैठक पुढच्या शुक्रवारी.

१४ नोव्हेंबर

शाळा सुटल्यावर कौसाबाईंकडे. ओट्यावर बसल्या होत्या, पट्ट्यामुळे मान ताठ.

"या बाई. आज बिनघंटीच्या?"

आत सुनीता हसली. मी माफी मागायला गेले होते, त्यांनी मागूच दिली नाही. "मीच वळले न्हाई का. समदं गाव तेच म्हनून राह्यलंय." त्यावर गप्प बसणं जमेना. सांगितलं, घंटी मी तीनदा वाजवली.

"मला एकच ऐकू आली. शेवटची. गवत कानावर येतं बाई. खळखळ, खळखळ, दुसरं काई न्हाई."

मग वळलात कशाला, बाजूला का नाही झालात?

"कोन हाय ते कळल्याबिगर कोन्या बाजूला व्हऊ? घंटी काय नाव सांगती का? मोटरसायकल असली तर डावीकडं, बैल असला तर उजवीकडं, सरपंच असला तर पाण्यात." हसायला गेल्या, मान दुखली, थांबल्या. "भारा असला का मानसाला मान नसती. मागं पाहायचं तर भाऱ्यासकट अख्खं फिरावं लागतं. तुमाला काय ठाव."

नव्हतं ठाऊक. बावीस वर्षं शिकवते आहे. दरवर्षी फळ्यावर चित्र काढून गुरुत्वमध्य शिकवते.

बंदीचं त्यांच्या कानावर गेलेलं नाही. मीही सांगितलं नाही. हेही चुकलंच.

१६ नोव्हेंबर, रविवार

सध्या सुनीताच गवत आणते. तिच्याबरोबर पाळेपलीकडे गेले. आणखी दोघी होत्या. म्हटलं, भारा माझ्या डोक्यावर द्या. आधी कोणी देईना. मग सुनीताने चुंबळ ठेवली. "पदर खोचा आदी. आन पडल्या तर आमचं नाव घेऊ नका." भारा त्यांनी अर्धाच बांधला होता, हे नंतर कळलं.

दहावीतली अंकिता, रांगेत माझ्या मागची. तिला सांगितलं, सायकलवर मागून ये, घंटी कधी वाजवायची ते तू ठरव.

चालायला लागले. पुढची दोन-तीन पावलं दिसतात, त्यापलीकडे गवत. पाती कानावर, गालावर. वारा ऐकू येत नाही, पाखरं नाहीत. आपलाच श्वास तेवढा मोठा. घंटी येणार हे मला माहीत होतं. वळायचं नाही हे मी ठरवून आले होते. घंटी वाजली आणि मी वळले. अख्खी वळले. भारा माझ्यामागून अर्ध्या क्षणाने वळला आणि मला घेऊनच निघाला. सुनीताने दंड धरला म्हणून राहिले.

तिघींनी तोंडाला पदर लावले. एक म्हणाली, "बाई, अचानक वळल्या की तुमी."

मग घंटीऐवजी अंकिताला हाक द्यायला लावली. लांबूनच म्हणाली, "बाई, मी अंकिता, पाण्याच्या बाजूनं येते." या वेळी मान हललीच नाही. पाय आपोआप कोरड्या बाजूला सरकले. चारदा करून पाहिलं. एकदा वारा समोरून होता, तेव्हा हाकही पोचली नाही. म्हणजे मागच्या माणसाला उत्तर मिळालं पाहिजे. उत्तर नाही तर ऐकू आलेलं नाही, असंच धरायचं.

मान अजून दुखते आहे. अर्ध्याच भाऱ्याने.

१७ नोव्हेंबर

मुलींना पाळेच्या अलीकडेच थांबवलं. आजपासून भारा दिसला की उतरायचं. सायकल हातात धरून चालत जवळ जायचं, नाव सांगायचं, बाजू सांगायची. "जा" म्हटल्यावरच पुढे. पाळेवर घंटी बंद.

नववीतली पूजा म्हणाली, "मंग रोजच उशीर व्हईल बाई." म्हटलं, दहा मिनिटं आधी निघू. कुरकुर झाली. वाडीत सकाळचं पाणी भरणं या मुलींकडेच असतं, दहा मिनिटं म्हणजे दोन खेपा. माझ्या लक्षात नव्हतं. तरी ठरवलंय ते ठरवलंय.

आज तीन भारे, तीनदा उतरलो. प्रार्थना चुकली. सरांनी घड्याळाकडे बघितलं.

१९ नोव्हेंबर

दोन अर्ज लिहिले. पहिला सरांनी सांगितलेला, सहा ओळी, दहा मिनिटांत झाला. दुसऱ्याला दोन दिवस लागले.

दुसरा ह्यांना वाचून दाखवला. मग म्हणाले, "खरं आहे सगळं. पण हे दिल्यावर पोरींचे बाप तुझ्यामागे पोरी पाठवतील का?"

तोच विचार चालू आहे. पाठवल्या नाहीत तर त्या मुलींची शाळा मी घालवली. गप्प राहिले तर मुलींची वाट पक्की होते, शाळा खूश, नुकसान फक्त सहा-सात बायांचं, आणि त्या काही बोलणार नाहीत. हे असं मनात आलं होतं. मनात राहू दिलं तर शहाणपण वाटेल, म्हणून लिहून ठेवलं. आता वाचवत नाही.

दुसराच देणार.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

खोलीत सात जण. वाचायला उभी राहिले. "कौसाबाई अचानक वळल्या असं मी सर्वांना सांगत आले. मी घंटी त्यांच्या टाचेशी वाजवली. डोक्यावर भारा असलेलं माणूस मागून घंटी ऐकली की वळणारच. सायकलवरून उतरणं माझं काम होतं. बायांना पाळ बंद करू नये." पुढे उतरण्याची आणि हाक देण्याची रीत लिहिली होती, तीही वाचली.

रंगनाथराव म्हणाले, "मॅडम, हे असं लिहून देत नसतात." सर म्हणाले, तुमच्यावरच येईल. म्हटलं, येऊ द्या.

पूजाचे वडील दाराशी बसले होते. आवाज न चढवता म्हणाले, "मंग आमी पोरी कोनाच्या भरवशावर सोडल्या व्हत्या?"

म्हटलं, चूक जिने केली तिच्याच. आता तिला कळलंय.

"कळायला कौसाबाई पडावी लागली."

बरोबर आहे, म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

अर्ज कोणताच गेला नाही. विषय ग्रामसभेत ठेवायचा, गुरुवारी.

२२ नोव्हेंबर

बारा मुली. पूजा आणि तिची धाकटी बहीण नाहीत. वडील मोटारसायकलवर सोडणार म्हणे. कापूस वेचणी चालू आहे, किती दिवस सोडतील? संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. ते शेतात. आई म्हणाली, "बघू बाई." चहा दिला, पूजा बाहेर आली नाही.

कौसाबाईंकडेही जाऊन बंदीचं सगळं सांगितलं, पहिल्या अर्जासकट. ऐकून घेतलं. "एवढं व्हऊन राह्यलं व्हतं, आन तुमी त्या दिवशी इथं बसून गवताचं इचारत व्हत्या."

२७ नोव्हेंबर, गुरुवार

ग्रामसभा. ग्रामपंचायतीपुढे सतरंज्या, बाया मागे. कौसाबाई पट्टा घालून आल्या होत्या. माझा अर्ज ग्रामसेवकाने भराभर वाचून टाकला. पुढून कोणीतरी म्हणालं, भारेवाल्यांनीच आरसे लावावेत. हशा.

सुनीता उभी राहिली. "लावतो आरसे. भारा तुमी घ्या, आन नाल्यातून या." पुन्हा हशा, पण या वेळी मागून.

रंगनाथराव बंदीवर अडून. मला विचारल्यावर मी दोनच वाक्यं बोलले: चूक सायकलची होती, पाळ दोघांची आहे. अंकिताचे वडील म्हणाले, माझी पोरगी जाईल बाईंच्या मागं. एकच बाप बोलला.

सरपंचांनी निकाल दिला. एक महिना दोघांनाही पाळ खुली, मॅडम म्हणतात त्या रीतीनं. "पन एक जरी पडलं, तर एकाला बंद. कोनाला ते तवा पाहू."

कोणाला, ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

निघताना कौसाबाई माझ्याजवळून गेल्या. वाटलं काही बोलतील. म्हणाल्या, "पट्टा सोमवारी निघतो." तेवढंच.

२८ नोव्हेंबर

पंधरा मिनिटं आधी निघालो. बारा जणी. पाळेवर चार भारे. तिघींनी हाकेला "जा" म्हटलं, मान न हलवता. चौथी कोण ते ओळखू येईना. अंकिताने हाक दिली, उत्तर नाही. मी दिली, उत्तर नाही. वारा समोरून. डाव्या बाजूने सहज निघता आलं असतं, जागा होती. मुली माझ्याकडे बघत होत्या.

"मोठ्यानं ओरडू का बाई?"

नको म्हटलं. चाल.

उरलेली सगळी पाळ तिच्या मागे, सायकली हातात धरून, तिच्या पावलांनी. शाळेतली प्रार्थना पाण्यावरून ऐकू यायला लागली. कोणी पुढे गेलं नाही. पाळ संपल्यावर तिने भारा कठड्याला टेकवला, वळून बघितलं, तर तेरा जणी उभ्या. "आगं बया. कवापासून?"

उशिराच्या वहीत तेरा नावं. सर म्हणाले, असं महिनाभर चालणार का? म्हटलं, महिनाभर नाही, नेहमीच. लवकर निघायला शिकू.

१ डिसेंबर, सोमवार

सकाळचे नऊ. धुकं आहे, आज पाळेवर फार लांबचं दिसणार नाही. जाताना आधी पूजाच्या घरावरून जाणार आहे. वाट उलटी पडते. दाराशी फक्त थांबायचं, बोलवायचं नाही. यायचं असेल तर सायकल बाहेर काढेल.

आज पट्टा निघाला की कौसाबाई पुन्हा भारा घेऊन येतील. मानेची भीती गेली असेल का, माहीत नाही. माझी हाक ऐकून त्यांना काय वाटेल, तेही नाही. आणि पडल्या तर महिना आजच संपतो.

अलीकडच्या टोकालाच उतरायचं. नाव सांगायचं, बाजू सांगायची, आणि त्यांचा आवाज येईपर्यंत पाऊल पुढे टाकायचं नाही.

निघते.