सभासद क्र. ३१८ यांचे अंदाज

प्रति,
मा. मुख्य ग्रंथपाल,
शुभंकर सार्वजनिक वाचनालय,
धायरी, पुणे ४११०४१.

अर्जदार : बुद्धभूषण ओव्हाळ, सेवानिवृत्त मुख्य लिपिक, पाटबंधारे खाते, राहणार धायरी. सभासद क्र. ४०२.

विषय : आधीच वाचून झालेली कादंबरी पहिल्यांदाच वाचत असल्याचे भासवून एका सभासदाने दुसऱ्या सभासदाचा विश्वासघात केल्याबाबत, तसेच सदर कादंबरीच्या चौथ्या भागास मुदतवाढ मिळणेबाबत.

संदर्भ : १) मागणी नोंदवहीतील अर्जदाराच्या तीन नोंदी. २) ‘खापरवेस’ भाग एक ते तीन यांच्या शेवटच्या पानावरील तारखेच्या पट्ट्या. ३) देवघेव खिडकीवर भाग्यश्रीताईंशी दि. ११ रोजी झालेले बोलणे.

महोदय,

१. अर्जदार हा आपल्या वाचनालयाचा सात वर्षांपासूनचा सभासद असून त्याच्याकडून आजवर एकही पुस्तक उशिरा आलेले नाही व एकाही पानाचा कोपरा मुडपला गेलेला नाही. हे सुरुवातीलाच नमूद करण्याचे कारण असे की, पुढील मजकूर वाचून अर्जदाराचे डोके ठिकाणावर आहे काय अशी शंका आपणांस येऊ शकते. ते ठिकाणावर आहे.

२. जून २०२२ मध्ये अर्जदार वर्तमानपत्रांच्या दालनात, दोनपैकी जो पंखा चालतो त्याखाली बसला असताना सभासद क्र. ३१८, श्री. रावसाहेब शिणगारे हे शेजारी येऊन बसले. सदर गृहस्थ मूळचे नगरकडचे, ख्रिस्ती समाजाचे, मार्केट यार्डातल्या एका वाहतूक कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांनी ‘खापरवेस’ या कादंबरीचा पहिला भाग अर्जदाराच्या पुढ्यात ठेवला व म्हणाले, “बायबलच्या काळातली गोष्ट आहे. मीही अजून उघडलेली नाही. एकट्यानं वाचायचा कंटाळा येतो. दोघं मिळून वाचू या का?” यातील दुसरे वाक्य आपण कृपया लक्षात ठेवावे.

३. कादंबरी आपल्या संग्रहात असली तरी आपण ती वाचली असेल असे अर्जदार गृहीत धरत नाही. ती चार भागांची असून मूळ इंग्रजीवरून मराठीत आलेली आहे. यिर्मया संदेष्ट्याच्या काळातले यरुशलेम शहर. तिथल्या खापरवेशीजवळ अमऱ्या नावाचा एक कुंभार राहतो. त्याला एकुलती एक लेक, तिचे नाव तिरसा. ही तिरसा बापाला न सांगता एका पाथरवटाबरोबर लाखीश नावाच्या गावी निघून जाते आणि पाठोपाठ बाबिलोनच्या खास्द्यांची फौज येते. अर्जदाराला बायबलची काहीही माहिती नव्हती. परंतु अडीच हजार वर्षांपूर्वीचा तो कुंभार रागावला की दिवसभर कोणाशी बोलत नाही, आणि भूक लागली तरी जेवायला वाढा म्हणत नाही, हे वाचून तो आपल्याच गल्लीत राहत असावा असे अर्जदाराला वाटू लागले. शेजारच्या दत्तोबांनी पुस्तकाच्या वेष्टनावरचे चित्र पाहून “काय ओव्हाळ, धर्म बदलताय का?” असे विचारले असता, ते काम आमचे वडील छप्पन साली उरकून गेले, असे उत्तर देऊन तो विषय तिथेच संपवण्यात आला.

४. वाचनाची पद्धत पुढीलप्रमाणे होती. दुपारी चार ते सहा. एक प्रकरण एकाने हलक्या आवाजात वाचायचे, पुढचे दुसऱ्याने. प्रकरण संपले की पुस्तक मिटायचे आणि आता काय होणार याचा अंदाज प्रत्येकाने सांगायचा. अर्जदार तो आपल्या वहीत तारखेनिशी लिहून ठेवी, कारण नोंद नसलेली गोष्ट घडलीच नाही असे समजण्याची त्याला तेहेतीस वर्षांची सवय आहे. तीन भाग मिळून चव्वेचाळीस अंदाज झाले. अर्जदाराचे सहा बरोबर आले. श्री. शिणगारे यांचे एक्केचाळीस.

५. एक्केचाळीस, महोदय. पाथरवट लढाईत मरणार नाही हे त्यांनी सांगितले. विहिरीत टाकलेला माणूस वर काढला जाणार हे सांगितले. अमऱ्याचा सख्खा भाऊ फितूर निघणार हे तर तो भाऊ कादंबरीत नुसता जेवायला आला होता तेव्हाच सांगितले. अर्जदार थक्क होत असे. या माणसाला माणसे कळतात, असे त्याने घरी पत्नीजवळ अनेकदा बोलून दाखवले. पत्नी सौ. चंपा यांनी त्यावर काही मत दिले नाही. अर्जदार त्यांना मत विचारतही नव्हता, तो मत ऐकवत होता.

६. आता नाइलाजाने घरगुती बाब मांडावी लागत आहे. एप्रिल २०२३ मध्ये अर्जदाराची एकुलती एक मुलगी आम्रपाली हिने पियुष नावाच्या, तिच्याच कंपनीतल्या मुलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. अर्जदाराला ते तिच्या मोबाइलवरच्या स्टेटसमधून समजले. आक्षेप मुलाला नव्हता, मुलगा कोण हे त्याला ठाऊकच नव्हते. आक्षेप न सांगण्याला होता. तिसऱ्या दिवशी ती दोघे पेढे घेऊन आली तेव्हा अर्जदार आतल्या खोलीतून बाहेर आला नाही. ती अर्धा तास बसली, “पप्पा, मी निघते,” असे दाराबाहेरून म्हणाली आणि गेली. तेव्हापासून ती खराडीला राहते. धायरीहून खराडी म्हणजे दोन बस. लाखीश नव्हे.

७. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिसरा भाग संपला. तिरसा हरवलेली, अमऱ्या चाक थांबवून बसलेला, आणि चौथा भाग आपल्या वाचनालयात नव्हता. त्या संध्याकाळी अर्जदाराने श्री. शिणगारे यांना दोन प्रश्न विचारले. पहिला, अमऱ्या तिला शोधायला जाणार की ती परत येणार? दुसरा प्रश्न खराडीबाबत होता. श्री. शिणगारे यांनी चष्मा पुसला आणि सांगितले, “ओव्हाळसाहेब, दोन्हीचं उत्तर एकच. लेकरू आपल्या पायानं येतं. बापानं दार उघडं ठेवावं, पण उंबरा सोडू नये.” अर्जदाराने हे वहीत लिहिले व खाली रेघ ओढली. ज्याचे एक्केचाळीस अंदाज खरे ठरले त्याचा बेचाळिसावा खरा ठरणार, याबद्दल त्याच्या मनात तीळभरही शंका नव्हती.

८. त्यानंतर दोन वर्षे अर्जदाराने उंबरा सोडला नाही. मुलीचे फोन आले, ते घेतले नाहीत, कारण फोन म्हणजे पाय नव्हेत. सायंकाळी सहानंतर दार उघडे ठेवले. त्यातून शेजाऱ्यांचे मांजर आले, डास आले, आणि एकदा चुकीच्या घरी पार्सल घेऊन एक मनुष्य आला. सौ. चंपा दर रविवारी डबा घेऊन खराडीला जात राहिल्या. जाताना एकदाच म्हणाल्या, “तुम्ही पुस्तकातल्या पोरीची वाट बघा. मी आपल्या पोरीकडे चालले.” या जानेवारीत अर्जदाराला नात झाली. ती आता बसायला लागली आहे असे कळते. तिचे नाव काय ठेवले हे अर्जदाराने विचारले नाही व सौ. चंपा यांनी आपणहून सांगितले नाही.

९. दरम्यान चौथ्या भागाची मागणी अर्जदाराने नोंदवहीत तीन वेळा केली. तो येईपर्यंत दुसऱ्या कोणत्याही कादंबरीला हात लावायचा नाही, असेही ठरले होते, आणि ते श्री. शिणगारे यांच्याच सूचनेवरून. ती सूचना अर्जदाराला तेव्हा निष्ठेची वाटली होती. नवी कादंबरी उघडली असती तर अंदाजांचे पितळ आठवड्याभरात उघडे पडले असते, हे आज समजते.

१०. दि. १० रोजी चौथा भाग आला. श्री. शिणगारे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मुलाकडे नगरला गेलेले असल्याने अर्जदाराने तो एकट्याने घेतला व उजळणीसाठी पहिला भागही सोबत नेला. घरी पावसाळी हवेने पहिल्या भागाची तारखेची पट्टी सुटली. तिच्याखाली जुनी पट्टी निघाली. जुनी पट्टी भरली की तिच्यावरच नवी डकवायची ही आपल्या वाचनालयाची पद्धत. जुन्या पट्टीवर ऑगस्ट २०१९ चा शिक्का व समोर सभासद क्रमांक होता. तीनशे अठरा. अर्जदार दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आत वाचनालयात हजर झाला. भाग्यश्रीताईंनी “अहो काका, बाकीच्या पट्ट्या कशाला काढताय?” असे विचारले, तरी त्यांनीच ओल्या बोळ्याने दुसऱ्या व तिसऱ्या भागाच्या पट्ट्या सोडवून दिल्या, त्याबद्दल त्यांचे आभार. तिन्हींवर तोच क्रमांक. एकेक भाग त्यांनी दोन-दोन आठवडे ठेवला होता. म्हणजे नीट वाचला होता.

११. म्हणजे चव्वेचाळीसपैकी तीन अंदाज चुकले नव्हते, ते मुद्दाम चुकवले होते. अर्जदाराला सर्वाधिक झोंबले ते हे. त्या तीन वेळी अर्जदाराने त्यांची समजूत काढली होती, एकदा तर चहा पाजला होता.

१२. अर्जदाराने त्यांना नगरला फोन केला. ते म्हणाले, “हो, वाचली होती. बायको गेली त्या वर्षी. तुम्ही पहिल्यांदा वाचत होतात ना, तुमचा चेहरा बघून मलाही पहिल्यांदाच वाचतोय असं वाटायचं. सांगितलं असतं तर तुम्ही दुसरं पुस्तक घेऊन दुसऱ्या बाकावर गेला असता.” हे उत्तर अर्जदाराने नोंदवून घेतले आहे. मान्य केलेले नाही.

१३. खरी गंभीर बाब पुढे आहे. चौथा भाग कोरा करकरीत आला. तो यापूर्वी आपल्याकडे नव्हता, म्हणजे श्री. शिणगारे यांनीही तो वाचलेला नव्हता. मग बेचाळिसावे उत्तर त्यांनी कशाच्या आधारे दिले, असे विचारले. मग ते म्हणाले, “ते माहीत नव्हतं, ओव्हाळसाहेब. आमच्यात उधळ्या पुत्राचा दाखला आहे, येशूनं सांगितलेली गोष्ट. बाप घरीच असतो, पोरगा परत येतो. मला वाटलं इथंही तसंच असणार.” अर्जदाराने आपल्या संदर्भ विभागात बसून तो दाखला स्वतः वाचला. मुलगा अजून लांब असतानाच त्यातला बाप धावत सुटलेला आहे. उंबऱ्याचा त्यात कुठेही उल्लेख नाही.

१४. तात्पर्य, महोदय, जिथे या गृहस्थांना सगळे ठाऊक होते तिथे त्यांनी अंदाज केल्याचे नाटक केले, आणि जिथे काहीच ठाऊक नव्हते तिथे ठाऊक असल्यासारखे बोलले. पहिली गोष्ट अर्जदार कदाचित विसरला असता. दुसरीपायी त्याची दोन वर्षे गेली, आणि ती कोणत्याही नोंदवहीत परत जमा होत नाहीत. फसवले गेल्याचा राग मोठा आहे. परंतु तेहेतीस वर्षांत मूळ कागद पाहिल्याशिवाय ज्याने एकाही टिपणीवर सही केली नाही, त्याने आपल्या लेकीच्या बाबतीत दुसऱ्याच्या शेऱ्यावर कारवाई केली, याचा राग त्याहून मोठा आहे. तो कोणाच्या नावे टाकावा हे अर्जदाराला समजत नाही.

१५. सबब विनंती की,
अ) पुस्तक वाचून झालेल्या सभासदाच्या ओळखपत्रावर तसा ठळक शिक्का मारण्यात यावा.
ब) वाचलेल्याने न वाचलेल्याशेजारी बसू नये असा फलक पंख्याखाली लावावा.
क) जुन्या पट्टीवर नवी पट्टी डकवण्याची पद्धत तात्काळ बंद व्हावी.
ड) सभासद क्र. ३१८ यांचा दि. २१ ऑगस्ट २०२३ रोजीचा अंदाज पूर्वलक्षी प्रभावाने रद्द समजण्यात यावा.
वरील चारही मागण्या नियमात बसत नसल्यास अर्जदाराचा आग्रह नाही. पाचवी मात्र बसवावीच लागेल.

१६. चौथ्या भागाची मुदत आज, रविवारी संपते. अर्जदाराने तो पृष्ठ २१२ पर्यंत वाचला आहे. तिरसा परत येत नाही. लाखीश पडते, उरलेसुरले लोक मिसर देशाकडे, म्हणजे इजिप्तकडे पळतात, आणि म्हातारा अमऱ्या चाक सोडून त्यांच्यामागे पायी निघतो. पृष्ठ २१२ वर तो तहपन्हेस नावाच्या गावात एका दारापुढे उभा आहे. त्याने दार वाजवलेले आहे. यापुढची एकोणचाळीस पाने अर्जदाराने उघडलेली नाहीत. दार उघडते असे छापलेले असेल तर तो निर्धास्तपणे खराडीला जाईल, आणि उघडत नाही असे छापलेले असेल तर जाणारच नाही. दोन्ही नको. आज सौ. चंपा यांच्या डब्याची पिशवी अर्जदार स्वतः धरणार आहे. तरी सदर पुस्तकास एक आठवड्याची मुदतवाढ द्यावी आणि त्या काळात भाग्यश्रीताईंसह कोणीही त्याचा शेवट अर्जदाराला सांगू नये.

कळावे. यापुढे अंदाज न बांधण्याचे ठरवलेला,
आपला नम्र,

(सही)
बुद्धभूषण ओव्हाळ
धायरी, दि. १७ ऑगस्ट २०२५

सोबत : १) अंदाजांच्या वहीची छायाप्रत, पाने अकरा. २) सुटलेल्या पट्ट्या, नग तीन.
प्रत : श्री. रावसाहेब शिणगारे, मुक्काम नगर, डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर सवडीने वाचण्यासाठी.

टीप : ‘खापरवेस’ भाग चार या अर्जासोबत जोडलेला नाही. हा अर्ज खिडकीवर पोचेल तेव्हा तो खराडीच्या बसमध्ये असेल.